एकच ‘कर्नाटक’, पण हवामाने वेगळी : उन्हाळ्याच्या उत्तरार्धातील अंदाज कसा वाचावा

चिकपेट (बेंगळुरू) : मे महिन्याच्या दुसऱ्या पंधरवड्यापासून मोसमी पाऊस स्थिरावेपर्यंत ‘कर्नाटकात पावसाची शक्यता’ हे वाक्य जवळजवळ रोज बातमीत येते. चिकपेटमधील ज्या कापड व्यापाऱ्याचे तळघर लग्नसराईच्या मालाने भरलेले आहे, त्याला त्यातून फारसे काही कळत नाही. सांगली जिल्ह्यातील खानापूर-आटपाडी भागातून देशभरच्या सराफ पेठांत स्थिरावलेल्या गलाई व्यावसायिकांची कुटुंबे सुट्टीत गावाकडे निघतात, त्यांनाही नाही. कारण हवामानशास्त्राच्या दृष्टीने कर्नाटक हा एक प्रदेश नाहीच.

भारतीय हवामान विभागाने राज्याचे तीन उपविभाग केले आहेत : किनारी कर्नाटक, उत्तर अंतर्गत कर्नाटक आणि दक्षिण अंतर्गत कर्नाटक. डोंगराळ पट्ट्याला यात स्वतंत्र स्थान नाही. कोडगू, चिक्कमगळुरू, हासन व शिवमोगा हे घाटालगतचे जिल्हे दक्षिण अंतर्गत उपविभागात मोडतात. परिणामी, वर्षाला सुमारे हजार मिलिमीटर पाऊस होणारे बेंगळुरू आणि सात हजार मिलिमीटरहून अधिक पावसाचे, शिवमोगा जिल्ह्यातील आगुंबे एकाच उपविभागात येतात. उपविभागाची सरासरी या दोहोंपैकी कोणाचेच चित्र दाखवीत नाही. राज्य सरकारचे नैसर्गिक आपत्ती निरीक्षण केंद्र मात्र मलनाड हा चौथा विभाग वेगळा मोजते. या काळात घाटभागाची माहिती हवी असेल, तर त्या केंद्राची वर्गवारी अधिक उपयोगी, असे म्हणावे लागते.

उष्णतेची लाट ठरविण्याचे निकषही तीन भूप्रदेशांसाठी तीन आहेत. मैदानी भागात कमाल तापमान किमान 40 अंश सेल्सिअस, किनाऱ्यावर 37 अंश आणि डोंगराळ भागात 30 अंश हा उंबरठा आहे. तो ओलांडल्यावर सरासरीपेक्षा साडेचार अंश वा अधिक वाढ झाली, तर लाट मानली जाते. म्हणून कलबुर्गी वा रायचूरमध्ये 40 अंश ही मे महिन्यातील नेहमीची बाब असते, तर कारवारला 37 अंशांचीही बातमी होते. किनाऱ्यावर आर्द्रतेमुळे घाम वाळत नाही आणि शरीराला थंडावा मिळत नाही. बेंगळुरूचा प्रश्न निराळाच आहे. समुद्रसपाटीपासून सुमारे 900 मीटर उंचीवरील या शहराच्या वेधशाळेतील उच्चांक 39.2 अंशांचा आहे, तो 24 एप्रिल 2016 रोजीचा. म्हणजे मैदानी निकष लावला, तर येथे लाटेचा उंबरठा आजवर ओलांडलाच गेलेला नाही. एप्रिल 2024 मध्ये पारा 38.5 अंशांवर गेला आणि महिनाभर शहर वेधशाळेत पाऊस नोंदला गेला नाही, तेव्हा ‘लाट नाही’ या तांत्रिक सत्याने पेठेतल्या हमालांना काही दिलासा मिळाला नसेल.

मेमधील पाऊस हा मोसमी पाऊस नव्हे. विदर्भ-मराठवाड्याकडून अंतर्गत कर्नाटकावरून दक्षिणेकडे कमी दाबाचा पट्टा पसरतो. अरबी समुद्र आणि बंगालचा उपसागर या दोहोंकडून येणारे बाष्प त्याच्या आसपास एकत्र येते. दुपारपर्यंत तापलेली जमीन ही दमट हवा वर ढकलते, ढग उंच वाढतात आणि दुपार ते रात्र या वेळेत गडगडाटासह कोसळतात. महाराष्ट्रात यालाच वळीव म्हणतात. हा पाऊस एका वस्तीत धो-धो पडतो आणि पलीकडची वस्ती कोरडी राहते. घाटातल्या कॉफीच्या मळ्यांना मात्र त्याचीच प्रतीक्षा असते. मार्च-एप्रिलच्या सरींनी कॉफीला फुलोरा येतो आणि नंतरच्या सरींवर फळधारणा टिकते. देशातील सुमारे 70 टक्के कॉफी कर्नाटकात होत असल्याने या सरी चुकल्या, तर त्याची झळ राज्याबाहेरही पोहोचते.

अंदाजातील शब्दांनाही नेमके अर्थ आहेत. ‘तुरळक ठिकाणी’ म्हणजे उपविभागातील 25 टक्के वा त्याहून कमी केंद्रांवर पाऊस. ‘बहुतांश ठिकाणी’ म्हणजे 75 टक्क्यांहून अधिक केंद्रांवर. चोवीस तासांत 64.5 ते 115.5 मिलिमीटर म्हणजे मुसळधार, 204.4 पर्यंत अतिमुसळधार आणि त्यापुढे अत्यंत मुसळधार. महाराष्ट्रात महसूल खाते 65 मिलिमीटरलाच अतिवृष्टी म्हणते, त्यामुळे मराठी वाचकाचा गोंधळ होणे साहजिक आहे.

खरी अडचण पुढे आहे. 2 जून 2024 रोजी बेंगळुरूत 111.1 मिलिमीटर पाऊस झाला आणि जूनमधील एका दिवसाच्या पावसाचा 133 वर्षांचा विक्रम मोडला. परंतु वरील वर्गवारीत तो केवळ ‘मुसळधार’, म्हणजे पहिल्याच पायरीवरचा ठरतो. मंगळुरू वा उडुपीला पावसाळ्यातील असा दिवस फारसा गाजतही नाही. आकडा तोच, पण किनाऱ्यावर तो नदी-समुद्राकडे वाहून जातो, तर तलाव बुजवून वाढलेल्या शहरात रस्त्यावर साचतो. आजचे मॅजेस्टिक बसस्थानकही धर्मांबुधी तलावाच्या जागी उभे आहे. शिवाय चोवीस तासांची बेरीज शहराचा धोका सांगत नाही. पाणी भरते ते तासाभराच्या झोडपण्याने. 21 मे 2023 रोजी दुपारच्या अशाच वळिवात, चिकपेटपासून फार दूर नसलेल्या के. आर. सर्कलच्या भुयारी मार्गात मोटार बुडून एका तरुणीचा जीव गेला.

त्यामुळे पिवळ्या इशाऱ्याचा दिवस बेंगळुरूत हलक्यात घेण्याजोगा नाही. पिवळा म्हणजे सजग राहा, केशरी म्हणजे तयारीत राहा आणि लाल म्हणजे तातडीने कृती करा. आठवड्याचा अंदाज मालाच्या पाठवणीचा बेत आखण्यापुरता ठीक आहे. तळघरातील गठ्ठे वर घ्यायचे की नाही, हे मात्र दुपारनंतर हवामान विभागाकडून दर तीन तासांसाठी दिल्या जाणाऱ्या तात्कालिक इशाऱ्यावरूनच ठरवावे. विजांसाठी पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेचे ‘दामिनी’ ॲप आहे. राज्याच्या निरीक्षण केंद्राची ‘वरुणमित्र’ ही दूरध्वनी सेवा चोवीस तास चालू असते.

महामार्गाने पुण्याकडे निघणाऱ्यांनी एक नव्हे, तीन अंदाज पाहावेत : तुमकुरू, चित्रदुर्ग व दावणगेरेपर्यंत दक्षिण अंतर्गत कर्नाटक, हावेरीपासून बेळगावपर्यंत उत्तर अंतर्गत कर्नाटक आणि पुढे कोल्हापूर-सांगलीपासून मध्य महाराष्ट्र. सिंधुदुर्ग वा गोव्याला घाट उतरून जाणाऱ्यांसाठी ‘कोकण व गोवा’ हा स्वतंत्र उपविभाग आहे. 2025 मध्ये मोसमी पाऊस 24 मे रोजी केरळात आणि 26 मे रोजी मुंबईत पोहोचला होता. मुंबईसाठी 11 जून ही त्याची सर्वसाधारण तारीख आहे.