नव्या कानाचा अभ्यास

श्रवणयंत्र आणि कॉक्लिअर इंप्लांट या दोन वस्तु एकच आहेत, असा पुष्कळांचा समज असतो. दुसरा एक समज याहून अधिक घातक आहे. शस्त्रक्रिया झाली कीं बहिऱ्यास ऐकूं येऊं लागतें, असें लोक मानतात. आणि तसें झालें नाहीं म्हणजे पैसा पाण्यांत गेला असें म्हणून हताश होतात. मी स्वतः या निराशेंतून गेलों आहें, म्हणून आज या विषयावर चार शब्द सांगण्याचें धाडस करीत आहें.

प्रथम कानाची रचना पाहूं. आवाजाच्या लाटा कानाच्या पडद्यावर आदळतात. पडद्यामागील तीन चिमुकलीं हाडें ती थरथर आंत पोंचवितात. आंत गोगलगायीच्या शंखासारखी, सुमारें अडीच वेढ्यांची एक नळी असते; तिला कॉक्लिआ म्हणतात. तींत सुमारें १५,००० केसपेशी असून, थरथरीचें विजेच्या संदेशांत रूपांतर करणें हें त्यांचें काम. शंखाच्या तोंडाशीं उंच स्वर आणि टोंकाशीं खर्ज, अशी त्यांची वांटणी असते. या पेशी एकदां मेल्या कीं मनुष्याच्या कानांत पुन्हां उगवत नाहींत. पुरेशा उरल्या असतील तर साधें श्रवणयंत्र आवाज मोठा करून उपयोगी पडतें. बहुतेक नष्ट झाल्या असतील तर आवाज कितीही चढविला तरी शब्द उमगत नाहींत. इंप्लांट आवाज मोठा करीत नाहीं. तें मृत पेशींना वगळून श्रवणाच्या मज्जातंतूस सरळ विजेनेंच चेतवितें.

विजेनें ध्वनीचा भास होतो, हें इटलीतील व्होल्टा यानें १८०० सालीं लिहून ठेविलें. आपल्या कानांत धातूच्या कांड्या घालून त्यानें वीज सोडली, तेव्हां त्याला घट्ट पदार्थ रटरटत असल्यासारखा आवाज आला. १९५७ सालीं पॅरिस येथें जूर्नो व एरिएस यांनीं एका बहिऱ्या माणसाच्या कानांत विजेचें साधन बसविलें. त्यास बोलण्याची लय कळे, पण बोलणें उमगत नसे. पुढें १९७८ सालीं मेलबर्न येथें ग्रेअम क्लार्क यांनीं अनेक विद्युदग्रें असलेलें साधन बसविलें आणि बोलणें समजण्याचा मार्ग मोकळा झाला. क्लार्क यांचे वडील ऐकण्यास मंद होते, हें येथें ध्यानांत ठेवण्याजोगें आहे.

आजच्या साधनांत बहुधा १२ ते २२ विद्युदग्रें असतात. पंधरा हजारांचें काम बावीस जणांनीं करावयाचें! नवा आवाज विचित्र कां वाटतो, याचें मुख्य कारण हेंच.

शस्त्रक्रिया पूर्ण भूल देऊन करितात व तिला दोन-तीन तास लागतात. कानामागें छेद घेऊन, हाड कोरून, विद्युदग्रांची बारीक तार शंखांत सरकवितात. मला दोन दिवसांनीं घरीं सोडलें. कांहीं दिवस चक्कर येई. आणि जिभेच्या एका बाजूस धातूची चव रेंगाळत राहिली, कारण चवीचा एक तंतु मध्यकर्णांतूनच जातो. नाक जोरानें शिंकरूं नये, ओझें उचलूं नये, जखमेस पाणी लागूं देऊं नये, हीं पथ्यें पाळावीं लागलीं. मेंदूच्या आवरणाचा दाह होऊं नये म्हणून प्रतिबंधक लसही आधींच टोंचली होती. या सर्व काळांत तो कान पूर्ण मुका होता. यंत्राचा बाहेरील भाग जखम भरल्यावर, बहुधा दोन ते चार आठवड्यांनीं लावतात.

तो दिवस मी विसरणार नाहीं. कानामागें यंत्र अडकविलें, त्याची चकती लोहचुंबकानें डोक्यास चिकटली, आणि खोलींत कोणी पत्र्यावर खडे टाकीत आहे असें वाटलें. ती माझी पत्नी बोलत होती. चाळीस वर्षांच्या सोबतीचा तो स्वर मला ओळखूं येईना! तिनें माझ्या मुद्रेवरून सारें ओळखलें व ती गप्प झाली. घरीं आल्यावर मीं यंत्र डबींत ठेवून दिलें. चार दिवस तें तेथेंच होतें.

पांचव्या दिवशीं श्रवणतज्ज्ञ बाईंकडे गेलों. त्या म्हणाल्या, "मास्तर, पहिल्या दिवशीं मुलाला वाचतां आलें नाहीं, तर तुम्ही त्याचें पुस्तक कपाटांत ठेवीत होतां काय?" या प्रश्नास माझ्यापाशीं उत्तर नव्हतें.

तेव्हांपासून अभ्यास सुरू झाला. माझी नात चौथींत आहे. ती रोज सायंकाळीं तोंडापुढें पुठ्ठा धरून मला शुद्धलेखन घाली. पाट, ताट, काट हे शब्द मला सारखेच वाटत. 'माळ' म्हटलें कीं मी 'नाळ' लिहीं. ती लाल पेन्सिलीनें चुका दाखवून म्हणे, "आजोबा, पुन्हां लिहा." एके दिवशीं हरिपाठ लावला, तों प्रत्येक शब्द स्पष्ट आला. मी हर्षभरित झालों. लगेच तिनें वर्तमानपत्रांतील बातमी वाचली, तर दहांत दोनच शब्द कळले. हरिपाठ मी कानानें नव्हे, स्मरणानें ऐकत होतों.

परंतु हेंच स्मरण आमच्यासारख्यांचें भांडवल आहे. बोलणें शिकल्यानंतर बहिरा झालेला मनुष्य नव्या आवाजांत जुने शब्द शोधूं शकतो. जन्मतः बहिऱ्या बालकापाशीं तें भांडवल नसतें. म्हणून त्याचा मेंदू कोंवळा असतांना, शक्य तितक्या लवकर उपाय व्हावा लागतो. येथें दिरंगाई फार महाग पडते.

तज्ज्ञांकडे वरचेवर जाऊन विजेचें प्रमाण जुळवून घ्यावें लागतें. हळूहळू पत्र्याचा आवाज माणसाचा झाला. दुसऱ्या महिन्यांत मी पाठमोरा बसलों असतां स्वयंपाकघरांतून "अहो" अशी हांक आली, आणि मी वळलों. पत्नी डोळ्यांस पदर लावून उभी होती.

सर्व साधलें असें नव्हे. पंगतीच्या गोंगाटांत मी अजून गोंधळतों. तबल्याचा ठेका कळतो, पण गायकाचा सूर हातीं लागत नाहीं. रात्रीं यंत्र काढलें कीं मी पूर्वीइतकाच बहिरा.

म्हणून घरच्या मंडळींस माझी एवढीच विनंति आहे. पहिल्या दिवशीं "ऐकूं येतें का?" असें विचारून रोग्याची परीक्षा घेऊं नका. त्याच्यासमोर बसा, सावकाश बोला, आणि रोज बोला. शल्यवैद्य पाटी देतो. अक्षर गिरविण्याचें काम रोग्याचें, आणि त्याचा हात धरण्याचें काम घरच्यांचें.