यजमान आणि पाहुणा : सास्क्वाचच्या वनक्रीडांचा अर्थ

लोककथेतील भयप्रद प्राणी कालांतराने विनोदाचा विषय होतो, ही गोष्ट वाङ्मयाच्या अभ्यासकाला नवी नाही. राक्षस बालकथेत येऊन भोळा होतो, भूत प्रहसनात येऊन भित्रे होते. परंतु उत्तर अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरील अरण्यांत वावरतो असे मानल्या गेलेल्या केसाळ वनमानवाच्या, म्हणजे सास्क्वाच अथवा बिगफूट याच्या, वाट्याला आलेले रूपांतर याहून निराळे आहे. तो केवळ विनोदी झालेला नाही. तो क्रीडापटू झाला आहे. दुकानांच्या पाट्यांवर, पेल्यांवर, सदऱ्यांवर आणि मोटारींच्या काचांवर चिकटविलेल्या चित्रांत तो गळ टाकून मासे धरतो, खांद्यावर होडी घेऊन चालतो, बर्फावरून घसरत जातो, तंबूपुढे शेकोटी पेटवून बसतो. ही चित्रे बाजारी करमणूक म्हणून बाजूला सारणे सोपे आहे. तथापि एखादा समाज आपल्या अरण्यातील सर्वांत भयंकर रहिवाशाच्या हाती गळ का देतो, असा प्रश्न विचारताच त्याच्या पाठोपाठ दुसरा, अधिक गंभीर प्रश्न उभा राहतो : या अरण्यात यजमान कोण आणि पाहुणा कोण?

सास्क्वाच हे नाव मूळचे इंग्रजी नव्हे. कॅनडातील ब्रिटिश कोलंबिया प्रांतात फ्रेझर नदीच्या खालच्या खोऱ्यात राहणाऱ्या आदिवासी समाजांच्या हल्कोमेलेम भाषेतील ‘सास्केत्स’ या शब्दाचे ते अपभ्रष्ट रूप होय. जे. डब्ल्यू. बर्न्स या शिक्षकाने तेथील लोकांकडून ऐकलेल्या कथा १९२९ साली ‘मॅक्लीन्स’ या नियतकालिकात प्रसिद्ध केल्या आणि त्यामुळे हा शब्द सर्वतोमुखी झाला. ज्या समाजात बर्न्स शिकवीत होता त्या स्टहेलिस समाजाच्या श्रद्धेनुसार सास्केत्स हा भूमीचा रक्षक आहे; दृश्य सृष्टी आणि आत्म्यांची सृष्टी या दोहोंत त्याला संचार करता येतो. कोकणात आणि गोव्यात ज्याला राखणदार म्हणतात, त्याच्याशी या कल्पनेचे नाते मराठी वाचकाला सहज ओळखता येईल. राखणदार दिसलाच पाहिजे असे नसते. त्याच्या सीमेत आपण आहोत, एवढी जाणीव पुरेशी असते.

त्याच किनाऱ्यावर आणखी उत्तरेकडे राहणाऱ्या क्वाक्वाकावाक्व लोकांत झुनुक्वा नावाची रानटी स्त्री प्रसिद्ध आहे. पाठीवरच्या टोपलीत ती मुलांना पळवून नेते. पण संपत्ती देणारीही तीच. काष्ठमुखवट्यांत तिचे ओठ हाक मारीत असल्यासारखे पुढे आलेले दाखवितात. विशेष असे की, विधिनृत्यात ही भयंकर स्त्री पेंगुळलेली असते. ती अग्नीभोवती उलट्या दिशेने फिरते, अडखळते, झोपी जाते. म्हणजे अरण्याच्या भयाला हसण्याची मुभा या परंपरेतही आहे. भयाकडून हास्याकडे जाण्याचा मार्ग आधुनिक बाजाराने शोधून काढला, असे म्हणता येणार नाही. भेद आहे तो हास्याच्या जागेत. विधीतील हसणे हे झुनुक्वेच्या सत्तेखाली राहून केलेले हसणे असते. नृत्य संपल्यावर अरण्य पुन्हा तिचेच असते. ज्या समारंभांत असे मुखवटे नाचविले जात, त्या पॉटलॅच समारंभांवर कॅनडाच्या कायद्याने १८८५ पासून १९५१ पर्यंत बंदी होती. अर्थात यजमानाला अरण्यातून हलविण्यापूर्वी त्याचा रंगमंच काढून घेण्यात आला, हे येथे लक्षात ठेवले पाहिजे.

आधुनिक बिगफूटचा जन्म वृत्तपत्रांत झाला. १९५८ साली उत्तर कॅलिफोर्नियात ब्लफ क्रीकजवळ नवा रस्ता तयार होत असताना कामगारांना मातीत प्रचंड पावलांचे ठसे आढळले. स्थानिक ‘हम्बोल्ट टाइम्स’ने ही वार्ता छापली आणि ‘मोठ्या पावलाचा’ या अर्थाचे नाव रूढ झाले. पुढे २००२ साली त्या कामाशी संबंधित एका कंत्राटदाराचे निधन झाल्यावर, ते ठसे लाकडी पावलांनी उमटविलेले होते, असे त्याच्या कुटुंबीयांनी सांगितले. हिमालयातील यतीचे ‘घृणास्पद हिममानव’ या अर्थाचे इंग्रजी नावही असेच वृत्तपत्रातून आले. १९२१ च्या एव्हरेस्ट-पाहणीनंतर हेन्री न्यूमन या पत्रकाराने कलकत्त्याच्या ‘स्टेट्समन’मध्ये ते प्रथम वापरले, त्यामागे तिबेटी शब्दाचे चुकीचे भाषांतर होते. दोन्ही ठिकाणी एक साम्य दिसते. यतीची कीर्ती पसरली ती गिर्यारोहकांमुळे आणि बिगफूटची पसरली ती जंगलात रस्ता नेणाऱ्यांमुळे. दोघेही जगाला कळले ते त्यांच्या प्रदेशात शिरणाऱ्या परक्यांच्या तोंडून.

आरंभी या परक्यांनी त्याला शिकार मानले. त्याच्या शोधार्थ मोहिमा निघाल्या. शेवटी वॉशिंग्टन राज्यातील स्कामेनिया परगण्याने एप्रिल १९६९ मध्ये त्याच्या हत्येला १०,००० डॉलरपर्यंत दंड आणि ५ वर्षांपर्यंत कारावास अशी शिक्षा ठरविली. पुढे १९८४ मध्ये ती सौम्य करण्यात आली. विज्ञानाने ज्याचे अस्तित्व मानलेले नाही, त्याला कायद्याने अभय द्यावे, यात गंमत आहे खरी. पण त्यामागचे कारण व्यावहारिकही होते : बंदुका घेऊन हिंडणाऱ्या उत्साही लोकांच्या हातून एखादा माणूसच मारला जाण्याचा धोका होता. ज्याची मृगया व्हायची, तोच पुढे मृगयेसारख्या वनक्रीडेत स्वतः भाग घेणारा झाला. हे परिवर्तन अभय मिळाल्याखेरीज शक्य नव्हते.

चित्रकारांच्या हाती त्याची आकृती आली ती एका चित्रफितीतून. २० ऑक्टोबर १९६७ रोजी ब्लफ क्रीक येथेच रॉजर पॅटर्सन आणि बॉब गिमलिन यांनी जेमतेम मिनिटभराचे चित्रीकरण केले. त्यातील ३५२ वी चौकट जगप्रसिद्ध आहे : हात हेलकावीत दूर निघालेला केसाळ देह खांद्यावरून मागे वळून पाहतो आहे. आजची बहुसंख्य छायाचित्रे या एका मुद्रेवर बेतलेली आहेत. तिच्यात चेहरा महत्त्वाचा नाही, चाल महत्त्वाची आहे. तो माणसांपासून दूर चालला आहे. आणि सुट्टी काढून रानात जाणाऱ्या नागरिकाची इच्छा तरी दुसरी काय असते? त्या काळ्या आकृतीच्या खांद्यावर होडी ठेवली की ती नागरिकाच्या स्वप्नाची आकृती होते. वनविहार करणाऱ्यांना तिकडे असा उपदेश केला जातो की, मागे पावलांच्या ठशांखेरीज काही ठेवू नये. हा उपदेश तंतोतंत पाळणारा प्राणी जगात एकच आहे. सदऱ्यांवर त्याला लपाछपीचा जगज्जेता म्हणून गौरवितात, तोही याच अर्थाने.

भरताने हास्याच्या विभावांत विकृत वेष आणि अलंकार यांचा निर्देश केला आहे. या चित्रांतील हास्याचे मर्म त्यावरून उकलते. सास्क्वाचचा देह पूर्वी होता तसाच असतो. त्यावर चढतो तो साज परका असतो. ज्याला ओढ्यात हात घालून मासा उचलता यावा त्याला गळ कशाला? ज्याचे घरच रान आहे त्याने तंबू कोणासाठी ठोकावा? उपकरण ही उपऱ्याची खूण आहे. रानात ज्याला काहीच विकत घ्यावे लागू नये, त्यालाच दुकानातील सर्व सामान लागते असे दाखविण्यात चित्राचा विनोद आहे. म्हणून हे हसू वरवर त्याच्यावर असले तरी ते अखेर तंबूवाल्या माणसाकडेच वळते. २००६ पासून गाजलेल्या सुकट मांसाच्या एका जाहिरातमालेत रानात आलेले तरुण सास्क्वाचची खोडी काढतात आणि तो त्यांना चांगलीच अद्दल घडवितो. तेथे क्षणभर का होईना, पेंगुळलेला यजमान जागा झालेला दिसतो.

परंतु यजमानाचे आसन रिकामे कसे झाले? अमेरिकेच्या १९६४ च्या अरण्यविषयक कायद्याने निसर्गप्रदेशाची जी व्याख्या केली, तिचा आशय असा की, तेथे मनुष्य हा केवळ अभ्यागत असतो, तो तेथे राहत नाही. ही कल्पना उदात्त आहे; लक्षावधी एकरांचे अरण्य तिच्यामुळे वाचले. मात्र तिच्यात एक मौन आहे. पाहुणा म्हटला की यजमान गृहीत धरावा लागतो; त्याचे नाव व्याख्येत नाही. ज्या समाजांनी हजारो वर्षे त्या भूमीत वस्ती केली, त्यांना या व्याख्येत जागा उरली नाही. लोककल्पनेने त्या रिकाम्या आसनावर केसाळ राक्षसाला बसविले, कारण अरण्याला धनी असतो ही जाणीव कायद्याने पुसता येत नाही. नंतर बाजाराने त्याच्याही हाती गळ आणि पाठीवर पिशवी देऊन त्याला पाहुण्यांच्या रांगेत उभे केले. आता रानात सगळेच सहलीला आलेले आहेत. जेथे सगळेच पाहुणे, तेथे घराची काळजी कोणाला, हा प्रश्न मात्र अनुत्तरित राहतो.

२०१० साली व्हँकूव्हर येथे भरलेल्या हिवाळी ऑलिंपिकच्या शुभचिन्हांत क्वाची नावाचा एक तरुण सास्क्वाच होता : कानांवर निळी कानटोपी, पायांत बूट, स्वभावाने लाजाळू; हॉकीचा गोलरक्षक होण्याचे स्वप्न पाहणारा. राखणदाराचे गोलरक्षक व्हावे, हे रूपांतर कोणत्याही कवीला हेवा वाटावा असे आहे. राखण उरली, राखायची वस्तू तेवढी बदलली. मात्र त्याच स्पर्धांत लिलवत, मस्कीम, स्क्वामिश आणि स्लेल-वाउटुथ या चार आदिवासी राष्ट्रांना अधिकृतपणे ‘यजमान’ ही संज्ञा देण्यात आली होती. सास्क्वाचला खेळाडू बनविणाऱ्या त्याच सोहळ्याला भूमीच्या खऱ्या धन्यांसाठी जुना शब्द पुन्हा शोधावा लागला.

हॅरिसन हॉट स्प्रिंग्ज या गावी १९३८ मध्ये प्रथम भरलेला सास्क्वाच-उत्सव दीर्घ खंडानंतर २०१२ साली स्टहेलिस समाजाच्या सहभागाने पुन्हा सुरू झाला. सरोवरात लांब नौकांच्या शर्यती लागतात, काठावर सामन मासा भाजला जातो. होडी आहे, मासा आहे, शेकोटीही आहे. सदऱ्यावरील चित्रातले सर्व साहित्य येथे आहे. फरक एवढाच की, वल्ही माणसांच्या हाती असतात. ज्याच्या नावाने उत्सव भरतो, त्याला खेळाडू व्हावे लागत नाही. खेळ त्याच्या अंगणात चालतो, एवढे त्याला पुरेसे असते.