शोभेच्या माशांचें गोठविलेलें खाद्य : सांठवण व हाताळणी

शेतीस जोडधंदा असावा, हें आमच्या वाचकांस नव्यानें सांगावयास नको. माळशिरस तालुक्यांत नीरा उजव्या कालव्याचें पाणी पोंचतें तेथें ऊंस, व पोंचत नाहीं तेथें विहीर आणि शेततळें, यांवर शेतकऱ्याची भिस्त असते. अशा पाण्यावर परसांतील टाक्यांत शोभेचे मासे वाढविणें हाही एक जोडधंदा होय. २०२० सालीं सुरू झालेल्या प्रधानमंत्री मत्स्यसंपदा योजनेंत त्यास साहाय्य देण्याची तरतूद करण्यांत आली. टाक्या व माशांच्या जाती यांची चौकशी सर्वजण करतात; खाद्य कसें ठेवावें हें मात्र क्वचितच कोणी विचारतो. नासलेल्या एका घांसानें टाकीभर मासे दगावूं शकतात.

या खाद्याचे मुख्य प्रकार तीन : ब्लडवर्म, म्हणजे चिलटासारख्या एका कीटकाच्या लाल अळ्या, आर्टेमिया, म्हणजे मिठागराच्या खाऱ्या पाण्यांतील बारीक जीव, आणि डॅफ्निया, म्हणजे पाणपिसू. गटारांतून गोळा केलेल्या जिवंत किड्यांबरोबर रोग येतात, म्हणून गोठविलेला माल पुष्कळ अंशीं बरा. परंतु थंडीनें सर्व जंतु मरतात, हा समज चुकीचा आहे. उन्हाळ्यांत कोरड्या रानांतील हरळी मेल्यासारखी दिसते, आणि पहिल्या पावसाबरोबर पुन्हां फुटते. जंतूंचें तसेंच आहे. म्हणून खाद्य विकत घेतल्यापासून टाकींत पडेपर्यंत थंडी तुटूं न देणें, हेंच यांतील मर्म होय.

ही थंडी उणे १८ अंश सेल्सिअस असावी. उजनीचे मासे ज्या साध्या बर्फांत बाजारास जातात तो शून्य अंशाचा. त्यांत माल कांहीं दिवस टिकेल, महिने टिकणार नाहीं. पुण्याहून खाद्य आणतांना थर्मोकोलच्या पेटींत बर्फ व जाडें मीठ घालावें. कुलफीवाला हेंच करतो, कारण मिठामुळें बर्फाचें मिश्रण शून्याच्या बरेंच खालीं जातें. पाकिटें मात्र पाणी न शिरेल अशा पिशवींत बांधावीं.

घरीं आल्यावर तें झांकणाच्या निराळ्या डब्यांत ठेवावें. मुलांच्या बर्फाशीं व घरच्या अन्नाशीं त्याचा संबंध येऊं नये. डब्यावर नांव व तारीख लिहावी, आणि जुना माल आधीं खर्चीं टाकावा. दप्तरांत आवक-जावक लिहिण्याची शिस्त येथेंही उपयोगी पडते. पांढरे कोरडे डाग पडलेलें वा खवट वास येणारें खाद्य टाकून द्यावें.

वीज जाणें ही आमच्याकडील मोठी अडचण. भरलेला डीप-फ्रीझर न उघडल्यास सुमारें ४८ तास व अर्धा भरलेला सुमारें २४ तास थंडी धरतो. घरगुती फ्रीजच्या लहान कप्प्यावर, विशेषतः वैशाखांत, इतका भरंवसा ठेवूं नये. यास एक सोपी परीक्षा आहे. वाटींत पाणी गोठवून त्यावर एक रुपया ठेवावा व वाटी तेथेंच राहूं द्यावी. रुपया तळाशीं गोठलेला आढळल्यास मागें सर्व वितळलें होतें असें समजावें, आणि तें खाद्य पुन्हां गोठलेलें दिसलें तरी वापरूं नये. वीज वरचेवर जात असेल तर थोडाच माल आणावा.

खाऊं घालतांना लागेल तेवढाच तुकडा काढून टाकींतील पाण्याच्या वाटींत वितळवावा, बारीक फडक्यानें गाळून रस फेंकून द्यावा, व मासे दोन-तीन मिनिटांत संपवितील इतकेंच घालावें. उरलेलें लगेच जाळीनें काढावें. तें कुजून पाण्यांत अमोनिया होतो व मासे गुदमरतात. वितळलेला तुकडा परत गोठवूं नये.

शेवटीं हातांविषयीं. ब्लडवर्मनें कांहींजणांस खाज, शिंका व दमही लागतो. त्यांनीं हातमोजे घालावे किंवा हें काम दुसऱ्याकडे द्यावें. हातास जखम असतां टाकींत हात घालूं नये, कारण तेथील एका जंतूमुळें कातडीवर चिवट गांठी येतात. काम होतांच हात साबणानें धुवावे. वाटी व फडकें स्वयंपाकघरांत नेऊं नये, इतकें वाचकांनीं कटाक्षानें पाळावें.