खर्च उपचाराचा – ९ : मुतखड्याचं बिल किती वेळा येतं?

गेल्या आठवड्यात मोतीबिंदूचं बिल पाहिलं. ते समजायला सोपं होतं. एक डोळा, एक भिंग, एक दिवस. मुतखड्याचं तसं नाही. नालासोपाऱ्यात किंवा विरारला रुग्णालयाच्या काउंटरवर ‘दुर्बिणीतून स्टोन काढायला किती?’ असं विचारलं, की एक आकडा मिळतो. आकडा खरा असतो, पण तो ऑपरेशनच्या दिवसाचा असतो. खडा मात्र दीड-दोन महिने खर्च करायला लावतो.

हा आजार आपल्या भागात घरोघरी ओळखीचा आहे. विरारहून पहाटेची लोकल धरायची, तास-सव्वा तास उभ्याने काढायचा, स्टेशनवरच्या स्वच्छतागृहांची ती अवस्था. कितीतरी बायका घरातून निघताना मुद्दाम पाणी पीत नाहीत. बोअरच्या जड पाण्याला दोष देणारे पुष्कळ भेटतात. त्याचा पुरावा तितकासा पक्का नाही. कमी पाणी, जास्त घाम आणि जास्त मीठ या तिघांबद्दल मात्र डॉक्टरांत दुमत नाही.

पहिलं बिल तपासण्यांचं. सोनोग्राफी, लघवीची तपासणी, रक्तातलं क्रिएटिनिन आणि बहुतेकदा सीटी स्कॅन. ‘पॅकेज’मध्ये हे क्वचितच धरलेलं असतं. सीटीचा खर्च टोचतो, पण खड्याची जागा आणि आकार त्यातूनच नेमका कळतो आणि पुढचा सगळा हिशेब त्या दोन गोष्टींवर ठरतो. चार-पाच मिलिमीटरपर्यंतचे बहुतेक खडे गोळ्या आणि पाण्यावर आपोआप पडतात. अशा खड्यासाठी लगेच टेबलावर घ्यायची घाई कुणी करत असेल, तर दुसरं मत घ्यावं. खड्यासोबत थंडी वाजून ताप आला, किंवा लघवी बंद झाली, तर मात्र थांबू नये. तिथे पैशाचा विचार नंतर.

मूत्रनलिकेत अडकलेला खडा सरळ दुर्बिणीने फोडतात, त्याला यूआरएस म्हणतात. मूत्रपिंडातला दोन सेंटिमीटरहून मोठा खडा पाठीतून छोटं छिद्र पाडून काढतात, ते पीसीएनएल. बाहेरूनच आघातलहरी सोडून खडा फोडायची रीत 1980 मध्ये म्युनिकला सुरू झाली. बेताच्या खड्यांना ती अजूनही चालते. आणि आता सगळीकडे ज्याची जाहिरात दिसते ते आरआयआरएस, म्हणजे लवचिक दुर्बीण आणि लेझर. महाग पडतं ते हेच. ही दुर्बीण नाजूक आणि महागडी. काही मोजक्या ऑपरेशनांनंतर दुरुस्तीला जाते, नाहीतर एकदा वापरून टाकून द्यायची असते. तो भार रुग्णाच्या बिलावर येतो. खासगीत यूआरएसचा आकडा साधारण अर्ध्या लाखाच्या मागेपुढे सांगतात, आरआयआरएसचा लाखाच्या आसपास किंवा वर. ‘माझ्या खड्याला लवचिक दुर्बीणच का?’ हा प्रश्न डॉक्टरांना विचारण्यात काहीच गैर नाही.

आता नळीची गोष्ट. ऑपरेशननंतर मूत्रपिंडापासून मूत्राशयापर्यंत डीजे स्टेंट नावाची बारीक नळी अनेकदा ठेवतात आणि काही आठवड्यांनी काढतात. हृदयातल्या स्टेंटवर सरकारने 2017 मध्ये कमाल किंमत बांधली. या नळीवर तशी मर्यादा नाही. काढायचा खर्चही पुष्कळदा वेगळा लावतात. त्रास थांबलेला असतो, घरातले पैसे संपलेले असतात, मग माणूस परत जातच नाही. राहिलेल्या नळीवर महिन्यागणिक खडे चढतात, आणि ती काढायला पहिल्यापेक्षा मोठं ऑपरेशन लागू शकतं. मूत्रपिंड गमावण्यापर्यंत पाळी येते. म्हणून आधीच विचारा, लिहून घ्या: नळी, ती काढणं आणि खडा उरला तर दुसरी खेप, हे सगळं धरून एकूण किती?

आणखी एक मेख खोलीची. कित्येक खासगी रुग्णालयांत जनरल वॉर्ड, शेअरिंग, सिंगल असा वर्ग बदलला की शस्त्रक्रियेची फी आणि थिएटरचं भाडंही बदलतं. खडा तोच, डॉक्टर तेच. विमा असणाऱ्यांना याचा दुहेरी फटका बसतो. पॉलिसीत रोज 3,000 रुपयांची मर्यादा असताना 6,000 ची खोली घेतली, तर फरक फक्त भाड्याचा कापला जात नाही. फी आणि थिएटरसारखे खर्चही निम्मेच मंजूर होऊ शकतात. शिवाय मुतखड्याला बऱ्याच पॉलिसींत दोन वर्षं थांबावं लागतं. हे ॲडमिट होण्याआधी पाहावं.

महाराष्ट्रात 2021 च्या नियमांनुसार खासगी रुग्णालयांनी दरपत्रक आणि रुग्ण हक्कांची सनद दर्शनी भागात लावणं बंधनकारक आहे. सोफ्यामागे किंवा कुंडीआड लावलेला फलक दर्शनी म्हणायचा का, हे ज्याचं त्याने ठरवावं. पण हा नियम दर दाखवायला लावतो, किती आकारायचा ते ठरवत नाही.

कमी पैशांत होण्याचे मार्ग तीन. पहिला महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेचा. 1 जुलै 2024 पासून कुटुंबाला वर्षाला पाच लाखांपर्यंतचं संरक्षण आहे आणि पांढरं रेशनकार्डही चालतं. मुतखड्याच्या शस्त्रक्रिया तिच्यात आहेत. मात्र रुग्णालय योजनेत असणं पुरत नाही, मूत्ररोग शाखेसाठी असावं लागतं. योजनेच्या रुग्णालयातल्या मदतनीसाला, म्हणजे आरोग्यमित्राला, आधी तेच विचारा. दुसरा मार्ग धर्मादाय रुग्णालयांचा. दहा टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत, आणखी दहा टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत. उत्पन्नाची मर्यादा अनुक्रमे 1 लाख 80 हजार आणि 3 लाख 60 हजार रुपये. तहसीलदारांचा दाखला लागतो, तो वसईच्या तहसील कार्यालयातून वेळेत काढून ठेवावा. तिसरा मार्ग मुंबईतल्या नायर, केईएमचा. खर्च नाममात्र, तारीख लांबची. दुखणं थांबू शकत असेल तर हा मार्ग उत्तम, नसेल तर कठीण.

एक गोष्ट कटाक्षाने पाळा. योजनेची कागदपत्रं भरती होतानाच द्या. आधी रोख भरून ऑपरेशन उरकलं आणि मग कार्ड दाखवलं, तर पैसे परत मिळवताना दमछाक होते. जन आरोग्य योजनेची मोफत हेल्पलाइन 155388 आणि 1800 233 2200 या क्रमांकांवर आहे. पुढच्या आठवड्यात डायलिसिसचं बिल पाहू.