सायकल आणि शिरस्त्राण

गेल्या वैशाखांत पालघरला आमच्या घरीं पुतण्याची मुंज झाली. बटूच्या मामांनीं त्याला नवी सायकल दिली. कुंकवाचें बोट लावून ती ओसरीवर उभी केली, तोंच धाकट्या वहिनींनीं विचारलें, "सायकल आली, पण हेल्मेट कोठें आहे?" झालें! जेवणाच्या पंक्तींत दोन पक्ष पडले. आमचे थोरले बंधु अजूनही स्टेशनापर्यंत सायकलनेंच जातात. ते म्हणाले, "चाळीस वर्षें मी सायकल चालवितों आहें; माझें काय बिघडलें?" आईनें एवढेंच म्हटलें, "शिर सलामत तर पगडी पचास." हा वाद पुष्कळ घरांतून निघत असेल; म्हणून त्याचा थोडा शांतपणें विचार करूं.

कायदा थोरल्या बंधूंच्या बाजूचा आहे. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचें १२९ वें कलम मोटारसायकलस्वाराला शिरस्त्राण घालावयास लावतें; पायानें चालविण्याच्या सायकलीला तें लागू नाहीं. परंतु जमीन कांहीं कलम पाहून टणक होत नाहीं. दीड मीटर उंचीवरून पडलेली वस्तु जमिनीला लागते तेव्हां तिचा वेग ताशीं सुमारें १९ किलोमीटर असतो. सायकलस्वाराचें डोकें साधारण याच उंचीवर असतें. हेल्मेटाच्या आंत थर्माकोलच्या जातीचा घट्ट थर असतो. आघात होतांच तो चिरडतो आणि डोकें एकदम न थांबतां दोन-तीन सेंटिमीटरांत थांबतें. मेंदूचा बचाव होतो तो एवढ्यानेंच. म्हणूनच एकदां जोरानें आपटलेलें हेल्मेट पुन्हां वापरूं नये.

या विषयाच्या अभ्यासाचें मूळ एका मृत्यूंत आहे. अरबस्तानच्या मोहिमेमुळें प्रसिद्धि पावलेला टी. ई. लॉरेन्स १९३५ च्या मे महिन्यांत दोन सायकलस्वार मुलांना चुकवितांना मोटारसायकलवरून पडला व सहा दिवसांनीं वारला. त्याच्यावर उपचार करणाऱ्यांपैकीं ह्यू केर्न्स या शल्यवैद्यानें पुढें लष्करी मोटारसायकलस्वारांच्या मस्तकाच्या जखमांचा अभ्यास केला. त्याचा निबंध १९४१ सालीं प्रसिद्ध झाला आणि त्याच वर्षीं ब्रिटिश सैन्यानें आपल्या निरोप्यांना शिरस्त्राण सक्तीचें केलें. साध्या सायकलीविषयींही २०१६ सालीं ४० अभ्यासांचा एकत्र विचार झाला. त्यांत जखमी झालेल्या ६४,००० हून अधिक सायकलस्वारांची माहिती होती. हेल्मेट घातलेल्यांत मस्तकाच्या गंभीर दुखापतीचा संभव जवळजवळ ७० टक्क्यांनीं कमी आढळला.

मग सक्तीच कां करूं नये? येथें विरुद्ध पक्षाचेंही ऐकलें पाहिजे. ऑस्ट्रेलियांतील व्हिक्टोरिया राज्यानें १ जुलै १९९० पासून सायकलस्वारांवर सक्ती केली, तेव्हां किशोरवयीन मुलांचें सायकल चालविणेंच पुष्कळ घटलें. शिवाय सक्तीनें संवय लागतेच असें नाहीं. आपल्याच जिल्ह्यांत, ४ सप्टेंबर २०२२ रोजीं, चारोटीजवळ सूर्या नदीच्या पुलाच्या कठड्यावर मोटार आदळून उद्योगपति सायरस मिस्त्री यांचा अंत झाला. मागच्या आसनावरील दोघांनीं पट्टा बांधला नव्हता, असें पोलिसांनीं सांगितलें. मागें बसणाऱ्यानेंही पट्टा बांधावा असा नियम तेव्हांही होताच! नियम पुस्तकांत राहतो. संवय घरांत लागते.

"हॉलंडांत तर सारे उघड्या डोक्यानें हिंडतात," असें कोणी म्हणेल. खरें आहे, पण तेथें सायकलींना निराळे मार्ग आहेत. आपण पाळी बदलण्याच्या वेळीं बोईसर स्टेशनाहून तारापूरच्या औद्योगिक वसाहतीकडे जाणारा रस्ता पाहावा. रसायनांचे टँकर, मालाचे ट्रक, रिक्षा यांच्या कडेकडेनें कामगार सायकलवरून चाललेले असतात. कारखान्याच्या फाटकाच्या आंत ज्याला कित्येक ठिकाणीं शिरस्त्राणावांचून पाऊल टाकतां येत नाहीं, तोच मनुष्य फाटकाबाहेर उघड्या डोक्यानें टँकरच्या चाकाशेजारून जातो! कामावरची ती टोपी मुख्यतः वरून पडणाऱ्या वस्तूसाठीं केलेली असते. सायकलवरून पडणाऱ्याला तिचा भरंवसा नाहीं. आणि अवजड चाकाखालीं सांपडल्यास कोणतेंच हेल्मेट पुरें पडत नाहीं, हेंही स्पष्ट सांगितलें पाहिजे. तेथें सायकलीला मागचा तांबडा दिवा हवा, रस्त्याला कडेची मोकळी जागा हवी आणि टँकर हांकणाऱ्याला सावधपणा हवा.

हेल्मेट घ्यावयाचें तर तें नीट बसलें पाहिजे. पुढची कड भिवयांच्या वर दोन बोटें असावी. हनुवटीखालचा पट्टा एखादें बोट जाईल इतकाच सैल असावा. मुलींनीं अंबाड्याऐवजीं मानेवर सैल वेणी घालावी. आपल्या किनाऱ्यावरच्या दमट उन्हांत घाम येणारच. म्हणून पुष्कळ झरोके असलेलें निवडावें. "मूल वाढतें आहे, मोठेंच घेऊं," हा कपड्यांचा हिशेब येथें लावूं नये.

अखेर आमच्या घरीं दोन हेल्मेटें आलीं. दुसरें थोरल्या बंधूंचें. कारण वडील मंडळी बोडक्या डोक्यानें निघालीं, तर बटूला उपदेश कोण करणार? ते प्रथम कुरकुरले, पण आतां घालतात. तें पाहून आई म्हणाली, "रोज पहांटे अंधारांत सायकलवरून आपल्याकडे दूध घेऊन येतो, त्याचें काय?"

आम्हां साऱ्यांना तें सुचलें नव्हतें. दुसऱ्या दिवशीं तिसरें हेल्मेट आणलें आणि त्याबरोबर मागचा दिवाही. सायकल आपल्या घरचीच असते असें नाहीं; आपल्या घरासाठीं चालणारीही असते.