स्नोड्रॉपच्या जत्रेला जावं का?

फेब्रुवारी २०२२. इंग्लंडात कोविडमुळे आलेली मास्कची सक्ती २७ जानेवारीला उठली, पण घरी सासूबाई ऐंशीच्या पुढच्या. आणि जत्रा बंद हॉलमध्ये.

स्नोड्रॉप, म्हणजे गॅलॅन्थस: वीतभर उंचीचं, मान खाली घातलेलं पांढरं फूल. लांबून सगळी सारखीच. फरक आतल्या पाकळ्यांवरच्या हिरव्या-पिवळ्या खुणांत, म्हणून वाकून, नाक लावून पाहावं लागतं. गर्दीत नेमकं नको तेच! (२०१५ मध्ये ‘गोल्डन फ्लीस’चा एक कंद १,३९० पौंडांना गेला. वेडी मी एकटीच नाही.)

कंद टपालानेही मागवता येतात, फक्त सुके घेऊ नका. लवकर वाळून मरतात. हिरव्या पानांसकट, मुळं ओलसर ठेवलेले मागवा.

दुर्मीळ वाण दार उघडताच संपतात, आणि गर्दीही तेव्हाच. मला हवाय साधा ‘एस. अरनॉट’. तो उरतो. म्हणून दुपारी उशिरा, एफएफपी२ मास्क लावून जाणार. त्याचा मधासारखा वास घरी आल्यावर घेईन.

पुण्याच्या मैत्रिणींनो, कंद पाठव म्हणू नका. गॅलॅन्थस वन्य प्राणी-वनस्पतींच्या व्यापारावरच्या साइट्स (CITES) कराराच्या परिशिष्ट २ मध्ये आहे; परवान्याशिवाय देशाबाहेर पाठवता येत नाही.