तुटलेल्या रानाची परतवाट

पावसाळ्यात सह्याद्रीचे सगळे उतार सारखेच हिरवे भासत असले, तरी त्या हिरवाईमागचा इतिहास दरीगणिक वेगळा असतो. कुठे पिढ्यान्‌पिढ्या कुऱ्हाड न लागलेली देवराई असते, कुठे कोळशासाठी तोडलेल्या झाडांच्या खुंटांना पुन्हा धुमारे आलेले असतात, तर कुठे पडीक टाकलेली शेतजमीन करवंदीच्या जाळ्यांनी भरत आलेली असते. मोडलेली जागा टप्प्याटप्प्याने पुन्हा वनाकडे वळते, या क्रियेला वनस्पतिशास्त्रात अनुक्रमण म्हणतात. आणि तिची गती किती तोडले यापेक्षा काय शिल्लक राहिले यावर अधिक अवलंबून असते.

कुमरी, म्हणजे डोंगरउतारावरचा झाडोरा तोडून व जाळून त्या राखेत दोन-तीन वर्षे नाचणी किंवा वरी घेण्याची आणि कस उतरल्यावर जमीन सोडून देण्याची पद्धत, ब्रिटिश वनखात्याने विध्वंसक ठरवली. मात्र त्याच राजवटीने जहाजांसाठी साग आणि रेल्वेच्या रुळांखालील स्लीपरांसाठी लाकूड अफाट प्रमाणात नेले, हे पाहता रानाच्या ऱ्हासाचा दोष एकट्या कुमरीवाल्याच्या माथी मारणे अन्यायाचे आहे. कुमरीच्या जागी बरेचसे खुंट आणि मुळे मातीत जिवंत राहत व जमिनीला पुरेशी विश्रांती मिळाली, तर तेथूनच रान पुन्हा उभे राही.

या पुनरुत्थानात काटेरी झुडपांचे काम मोठे आहे. गवत आणि धायटी यांच्यामागून करवंद व तोरण येतात, त्यांची फळे खायला बुलबुल येतात, आणि त्यांच्या विष्ठेतून पडलेल्या इतर झाडांच्या बिया त्याच जाळीत रुजतात, जेथे गुरांचे तोंड सहसा पोहोचत नाही. म्हणून ज्या जाळीला माणूस निरुपयोगी समजून साफ करतो, तीच पुष्कळदा जांभूळ आणि अंजनी यांच्या रोपांची दाई असते. मोठ्या बियांच्या वृक्षांना मात्र बुलबुल पुरत नाहीत. त्यांना धनेश आणि उदमांजर लागतात, आणि त्यांतला धनेश बहुधा जवळपास जुने रान असेल तरच येतो.

२०२१ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासात अमेरिका खंड व पश्चिम आफ्रिकेतील ७७ ठिकाणची, सोडून दिलेल्या जमिनीवर पुन्हा वाढलेली उष्णकटिबंधीय वने तपासण्यात आली. मातीचा कस सुमारे १० वर्षांत सावरतो, झाडांची रचना आणि जातींची विविधता यांना २५ ते ६० वर्षे लागतात, परंतु कोणत्या जाती किती प्रमाणात आहेत हे मूळ वनासारखे व्हायला १२० वर्षांहून अधिक काळ जावा लागतो, असे त्यातून दिसले. जमिनीचा वापर फार तीव्र नसलेल्या जागांचे हे आकडे आहेत. जेथे दरवर्षी वणवा लागतो, माती वाहून कातळ उघडा पडतो किंवा घाणेरी सगळी जागा व्यापते, तेथे अनुक्रमण गवताच्या वा झुडपाच्या पायरीवरच अडकून बसते.

अशा ठिकाणी ऑस्ट्रेलियन बाभळीच्या किंवा गिरिपुष्पाच्या रांगा लावल्याने नकाशा हिरवा होतो, पण त्याला वन परतले असे म्हणता येणार नाही. परतीसाठी बियांचा साठा जवळ असावा लागतो, आणि हा साठा सह्याद्रीत बऱ्याच अंशी देवरायांनी जपला आहे. माधव गाडगीळ व वा. द. वर्तक यांनी १९७०च्या दशकात महाराष्ट्रातील देवरायांचा अभ्यास करून त्यांचे हे मोल शास्त्रीय भाषेत मांडले.

अशी अर्धवट राहिलेली परतवाट सह्याद्रीतील चांदोलीच्या खोऱ्यात दिसते: तेथे २००४ साली राष्ट्रीय उद्यान झाले, पण विस्थापित गावांची भातखाचरे आजही पुष्कळ ठिकाणी गवताळ आहेत, त्यांवर गवे चरतात, आणि घरे मोडून निघून गेलेल्या माणसांनी लावलेले आंबे-फणस भोवतालच्या रानात अजून फळतात.